अब्बांचा सजदा खुर्चीवर होतो का?

अस्सलामु अलैकुम, बाळ. तू मला चाचा म्हणालास, म्हणून मीही एकेरीवरच येतो.

तुझं विचारणं असं आहे. अब्बांचं वय ६८. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी उभा जन्म पोती वाहिली. गेल्या पावसाळ्यात बेळगावात त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "नेलद म्याल कुंडरब्याड्री", म्हणजे जमिनीवर बसायचं नाही. तेव्हापासून अब्बा मशिदीत खुर्चीवर नमाज पढायला लागले. एक जण म्हणाला, समोर टेबल ठेवा, त्याशिवाय सजदा, म्हणजे कपाळ टेकणं, होत नाही. दुसरा म्हणाला, खुर्चीवरची नमाजच होत नाही. आता ते मशिदीत जायचेच बंद झालेत. घरी पढतात आणि सलाम फेरून नमाज संपवल्यावर रडतात, कपाळ जमिनीला लागलं नाही म्हणून. आणि तुझं स्वतःचं: तू दोन वर्षांपासून नेमानं पढायला लागलास, तर खाली जाताना आधी हात टेकायचे की गुडघे, आणि तुझ्या मित्राच्या कपाळावर गट्टा पडलाय तसा तुझ्या का पडत नाही.

मी मुफ्ती नाही, फतवा देणं माझं काम नाही. खानापूर तालुक्यातल्या एका गावात मी ३१ वर्षं मराठी शाळेत मास्तर होतो, आणि असर ते मगरिब, म्हणजे दुपार उतरल्यापासून सूर्य मावळेपर्यंत, या वेळात तिथल्याच मशिदीत पोरांना नमाज शिकवत आलो. पेशइमाम गावाला गेले की इमामतही केली. उलमांकडून, म्हणजे धर्माच्या जाणकारांकडून, जे शिकलो आणि शिकवताना जे पाहिलं, तेवढंच सांगतो.

आधी एक गोष्ट, आणि ती आज रात्रीच अब्बांना सांग: त्यांचा सजदा होतो. उणा नाही, उधारीचा नाही. होतो.

इम्रान बिन हुसैन नावाचे एक सहाबी, म्हणजे हजरत पैगंबरांचे (सल्ल.) सोबती, होते. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढू, असं त्यांनी हजरत पैगंबरांना (सल्ल.) विचारलं. उत्तर मिळालं: उभा राहून पढ, जमलं नाही तर बसून, तेही जमलं नाही तर कुशीवर. बुखारी शरीफ या संग्रहातली हदीस आहे, म्हणजे हजरत पैगंबरांच्या (सल्ल.) बोलण्या-वागण्याची नोंद. त्यात 'जमत नसेल तर राहू दे' असं नाही, आणि 'मरत मरत का होईना, उभाच राहा' असंही नाही. अंगात जेवढं आहे तेवढं मागितलंय. कुरआनातही सूरह बकराच्या शेवटच्या आयतीत तेच आहे, अल्लाह कुणाच्याही जिवावर त्याच्या ताकदीपलीकडचं ओझं टाकत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांची ओझी पाठीवर घेतली, त्याला ही आयत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आता टेबल. जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका रिवायतीत, म्हणजे सांगून पुढं आलेल्या हकिकतीत, असं आहे की हजरत पैगंबर (सल्ल.) एका आजाऱ्याला भेटायला गेले. तो समोर उशी घेऊन तिच्यावर कपाळ टेकवत होता. त्यांनी ती उशी बाजूला टाकली आणि म्हणाले, जमिनीवर जमत असेल तर जमिनीवर कर. नाहीतर नुसतं वाकून इशारा कर, आणि सजद्याचा इशारा रुकूपेक्षा, म्हणजे सजद्याआधी कमरेत वाकतो त्यापेक्षा, खाली ठेव. म्हणजे जमिनीवर जाता येत नसेल तर जमीन उचलून कपाळापर्यंत आणायची गरज नाही. टेबल ठेवून त्यावर डोकं टेकलं तरी शरियतीच्या नजरेत तो इशाराच राहतो, त्याचा जमिनीवरचा सजदा होत नाही. मग ते ओढाताण करत मशिदीत न्यायचं कशाला? ज्यानं सांगितलं त्याचा हेतू वाईट नसणार. पण आजारी माणसाच्या मनात शंका पेरायला एक वाक्य पुरतं आणि ती उपटायला महिने जातात, हे मी पाहिलंय.

दुसऱ्या माणसाचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही. ते कुठून येतं तेही तुला कळलं पाहिजे. सजदा फर्ज आहे, म्हणजे सक्तीचा. ज्याला जमिनीवर बसता येतं आणि सजदा करता येतो, पण उभं राहवत नाही, त्यानं जमिनीवर बसूनच नमाज पढायची आणि कपाळ जमिनीवर टेकूनच सजदा करायचा. त्यानं नुसत्या सोयीसाठी खुर्ची घेतली तर त्याचा सजदा सुटतो आणि नमाज होत नाही. हल्ली आपल्याकडच्या मशिदींतून खुर्च्या वाढल्यात. त्यात असेही लोक असतात जे दिवसभर दुकानात खाली बसून भाजी विकतात आणि नमाजेला खुर्ची मागतात. उलमा रागावतात ते त्यांच्यावर. अब्बांचं तसं नाही. त्यांना डॉक्टरांनी मनाई केलीये आणि गुडघा खरोखरच तेवढा वळत नाही. बदललेला गुडघा साधारण ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. दोन सजद्यांच्या मधे टाचांवर बसायला त्याहून बरंच जास्त वाकावं लागतं. हा आळस नाही, हे हाडाचं गणित आहे.

मग नेमकं कसं करायचं ते सांगतो.

अब्बांना उभं राहता येतं असं तू लिहिलंस. हनफी मसलकाच्या, म्हणजे त्या धर्मपरंपरेच्या, किताबांत असं आहे की ज्याला जमिनीवरचा सजदा जमत नाही त्याच्यावरून उभं राहण्याची सक्तीही उतरते, तो सगळी नमाज बसून इशाऱ्यानं पढू शकतो. शाफई मसलकात उभं राहणं सुटत नाही, जे जमतं ते करावंच लागतं. आपल्या भागात बहुतेक हनफी. घाट उतरून कोकणात गेलास की कोकणी मुसलमान शाफई भेटतील, खाली भटकळला नवायत शाफईच. माझा सल्ला असा: दुखत नाही तोवर अब्बांनी कियाम, म्हणजे नमाजेतलं उभं राहणं, उभ्यानं करावा, रुकूही उभ्यानं करावा, आणि सजद्याच्या वेळी खुर्चीवर बसून पुढं वाकावं. यात दोन्हीकडचं समाधान आहे. शिवाय जो माणूस ५० वर्षं उभा राहत आला, त्याला उभं राहू दिलं की निम्मं दुःख तिथंच कमी होतं. ज्या दिवशी पाय थकले असतील त्या दिवशी सगळी नमाज बसून. त्यात संकोच नको.

बसून इशारा करताना पाठ खुर्चीला टेकू नये, जमत असेल तर. पावलं पूर्ण जमिनीवर. रुकू बसूनच करायचा असेल त्या दिवशी थोडं वाकायचं, सजद्याला त्याहून जास्त. हात मांडीवरच ठेवायचे. पुष्कळ म्हातारी माणसं सजद्याच्या इशाऱ्यात दोन्ही तळवे हवेत पुढं धरतात, जणू हवेत जमीन आहे. त्याची गरज नाही, तोल मात्र जातो. दोन इशाऱ्यांच्या मधे नीट ताठ बसायचं आणि "रब्बिग्फिर ली" (माझ्या रबा, मला माफ कर) म्हणण्याइतकं थांबायचं. थांबण्याबद्दल पुढं बोलणारच आहे, ते अब्बांनाही लागू आहे.

खुर्ची हातांची नको. ती मोठी होते आणि शेजारच्याच्या कोपराला लागते. चार पायांचं पक्कं स्टूल किंवा बिनहाताची लाकडी खुर्ची घे, पायांना रबरी बुचं लाव. मशिदीत हल्ली चकचकीत फरशी असते, तीवर प्लॅस्टिकची खुर्ची सरकते. ऑपरेशन झालेला माणूस त्यावरून घसरला तर पुन्हा दवाखाना. जागा सफच्या, म्हणजे नमाजींच्या रांगेच्या, टोकाला, भिंतीजवळ धर. उभं राहताना अब्बांची पावलं सफच्या रेषेत आली की खुर्ची मागं जाते आणि मागच्या माणसाला सजद्याला जागा उरत नाही. म्हणून शेवटची सफ, शेवटचं टोक. हे इमामांना आधी सांगून ठेव, म्हणजे नमाज सुरू होताना 'इकडं सरका, तिकडं सरका' होणार नाही. अब्बांसारख्या माणसाला तेवढ्या गडबडीनंही अपराधी वाटतं.

आणि रडण्याबद्दल. अबू मूसा अश्अरी (रजि.) यांची रिवायत बुखारीत आहे: बंदा आजारी पडला किंवा प्रवासाला निघाला, तर तो धडधाकट असताना, घरी असताना जे करत होता त्याचाच सवाब, म्हणजे पुण्य, त्याच्या नावावर लिहिला जातो. अब्बांना विचार, वखारीत असताना त्यांनी जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज कुठं पढली? रिकामं पोतं अंथरून, दोन थप्प्यांच्या मधे, असंच काहीसं सांगतील. ती नमाज आजही त्यांच्या नावावर पडते आहे. हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. बाहेरच्यानं सांगितलेलं सांत्वन वाटतं, पोरानं सांगितलेलं खरं वाटतं.

आता तुझ्याकडे येतो.

दिवसाच्या फर्ज रकाती, म्हणजे नमाजेची एकेक फेरी, १७. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे ३४. ताकीद असलेल्या सुन्नती १२ आणि रात्रीच्या वित्र नमाजेच्या ३ धरल्या तर रकाती ३२ आणि सजदे ६४. दिवसातून ६४ वेळा माणूस कपाळ जमिनीला लावतो आणि तरी वर्षानुवर्षं ते कसं लावतो हे पाहत नाही. तू दोन वर्षांतच विचारलंस, मला आनंद झाला.

इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हदीसीत सजदा सात हाडांवर सांगितलाय: कपाळ (आणि ते सांगताना हजरत पैगंबरांनी (सल्ल.) नाकाकडे बोट केलं), दोन हात, दोन गुडघे, आणि दोन्ही पायांची बोटं. आपल्या भागात दंडवत सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. नवस फेडायला यल्लम्माच्या डोंगरावर दंडवत घालत जाणारी माणसं तूही पाहिली असशील. तिथं अख्खं अंग जमिनीला भिडतं. शाळेतली पोरं मला विचारायची, सर, तुमचं अन आमचं सारखंच का? नम्रतेचा धागा एक असेल, पण सजद्याची घडण निराळी आहे. पोट मांड्यांपासून सुटं, कोपर जमिनीवरून वर, बगला मोकळ्या. कुत्रं बसल्यासारखे हात पसरू नका, असं हदीसीत स्पष्ट आहे. अंग खाली जातं पण सैल पडत नाही. बायकांनी हनफी पद्धतीत अंग आवरून, पोट मांड्यांना लावून सजदा करायचा असतो. अम्मीला तू काही सांगायला जाऊ नकोस, त्यांचं बरोबर आहे.

आधी गुडघे की हात? वाइल बिन हुज्र (रजि.) यांच्या रिवायतीत आधी गुडघे, मग हात. अबू हुरैरा (रजि.) यांच्या रिवायतीत उंट बसतो तसं बसू नका, आधी हात टेका. हनफी, शाफई आणि हंबली पहिलीवर चालतात. मालिकी आणि अहले हदीस दुसरीवर. तू हनफी घरातला आहेस, तर गुडघे, मग हात, मग नाक आणि कपाळ, उठताना उलट. कधी गुडघा दुखत असेल तर हात आधी टेकले म्हणून काही बिघडत नाही. शेजारचा दुसऱ्या पद्धतीनं खाली गेला तर त्याच्याकडे बघू नकोस. या एका मुद्द्यावरून दोन चुलतभावांनी वर्षभर अबोला धरलेला मी पाहिलाय. ज्या अमलात माणूस सगळ्यात लहान होतो, त्यातच असा ताठा आलेला पाहून मला फार वाईट वाटलं होतं.

डोकं दोन तळव्यांच्या मधे यावं, हातांची बोटं मिटलेली, किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला. नाकाचं मऊ टोक नाही, वरचं कठीण हाड टेकलं पाहिजे. मशिदीत हल्ली स्पंजाचे जाड गालिचे येतात. त्यावर कपाळ नुसतं टेकून भागत नाही, खालचा कठीणपणा लागेपर्यंत दाबावं लागतं. जुन्या लोकांची अडचण वेगळी होती. माझ्या लहानपणी गावातले निम्मे मुसलमान गांधी टोपी किंवा पटका घालायचे. टोपी पुढं ओढलेली असली की कपाळाऐवजी तीच टेकायची. माझे दादा, म्हणजे आजोबा, सजद्याआधी अंगठ्यानं टोपी मागं सारायचे, तो अंगठा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. पटक्याचा पदर कपाळावर आला तर सजदा होतो, पण कारण नसताना तसं करू नये. ऊन भाजत असेल तर कपड्यावर टेकायला हरकत नाही, सहाबाही कडक उन्हात अंगावरच्या कपड्याचा पदर अंथरून सजदा करत, असं अनस (रजि.) सांगतात. रानात घोंगड्यावर, सतरंजीवर, पाक, म्हणजे शुद्ध, असलेल्या उघड्या मातीवर, सगळीकडे सजदा होतो.

पायांबद्दल सांगताना माझी एक चूक सांगावीच लागेल. सजद्यात बोटं वळवून जमिनीला लागलेली हवीत. दोन्ही पाय सगळा वेळ अधांतरी राहिले तर हनफी मतानं सजदाच होत नाही. मी २९ वर्षांचा होतो, नवा नवा शिकवायला लागलेलो. आमच्या मशिदीत एक वयस्क हमाल यायचे, त्यांच्या पायाची बोटं सरळच राहायची, वळायचीच नाहीत. एके दिवशी पोरांच्या देखत मी त्यांना म्हणालो, "चाचा, तुमचा सजदा होत नाही." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी पाय पुढं केला. तरुणपणी उसाच्या गाडीचं चाक त्या पायावरून गेलं होतं. बोटं हाडासकट आखडली होती. दुसऱ्या पायाची दोन बोटं ते टेकवत होते आणि तेवढं पुरेसं होतं. मी विचारलं असतं तर कळलं असतं. मी माफी मागितली, ते लगेच "चल, असरची वेळ झाली" म्हणून उठले. पण अकरा दिवस एक माणूस माझ्यामुळं मशिदीबाहेर राहिला. अब्बांबद्दल तुझं पत्र वाचताना मला तेच दिवस आठवले. मशिदीत कुणाचं चुकतंय असं वाटलं तर आधी शेजारी बसावं, तब्येतीची विचारपूस करावी, आणि मग एकट्यात बोलावं.

आता मूळ गोष्ट. सजद्यात सगळ्यात जास्त चुकतं ते थांबणं.

मदीनेच्या मशिदीत एक माणूस आला, नमाज पढला आणि येऊन सलाम केला. हजरत पैगंबर (सल्ल.) म्हणाले, परत जा आणि पढ, तू पढलाच नाहीस. असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला याहून चांगलं येत नाही, शिकवा. तेव्हा त्यांनी एकेक अंग सांगितलं आणि प्रत्येकाला एकच अट घातली: रुकू कर, त्यात स्थिर होईपर्यंत, उठ, सरळ उभा होईपर्यंत, सजदा कर, त्यात स्थिर होईपर्यंत. या स्थिर होण्याला इत्मिनान म्हणतात. दुसऱ्या एका हदीसीत रुकू-सजदे पुरते न करणाऱ्याला सगळ्यात वाईट चोर म्हटलंय, कारण तो स्वतःच्याच नमाजेत चोरी करतो. आणि कावळा चोच मारतो तसा सजदा करायला मनाई आहे. कावळ्याची उपमा पोरांना लगेच कळते. अंगणात वाळत घातलेल्या धान्यावर ते रोज कावळे बघतात.

पहिली काही वर्षं मी पोरांना "सुब्हान रब्बियल आला" तीनदा म्हणा, एवढंच शिकवलं. मग त्यांची शर्यत लागायची. कपाळ टेकायच्या आधी पहिला, टेकल्यावर दुसरा आणि उठता उठता तिसरा. संख्या पुरी, सजदा रिकामा. पुढं मी क्रम बदलला. पोरांना सांगायचो, कपाळ टेकल्यावर आधी गप्प राहा. विहिरीत बादली सोडली की पाणी हलतं ना? ते थांबू दे. हाडं जागच्या जागी बसली की मग पहिली तस्बीह, म्हणजे ते स्तुतीचं वाक्य. एकेक श्वासाला एक. या एका बदलानं पोरांच्या नमाजेत जो फरक पडला तो दहा वर्षं ओरडून पडला नव्हता.

अर्थही मी उशिराच सांगायला लागलो, तोही एका मुलीमुळं. चौथीतली पोर. "सर, आपण रोज काय म्हणतो ते मला आईला सांगायचंय, मराठीत काय होतं?" मी अडखळलो. मग दोघांनी मिळून लावलं: माझा पालनहार, सगळ्याहून उंच, प्रत्येक उणेपणापासून दूर. रुकूत 'अजीम', म्हणजे महान, आणि सजद्यात 'आला', सर्वात उंच. माणूस सगळ्यात खाली जातो तेव्हा त्याच्या तोंडी सर्वात उंच हा शब्द येतो. ती पोर फळ्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे आपण खाली गेलो की तो उंच दिसतो." त्यानंतर मी कुणालाही अर्थाशिवाय तस्बीह शिकवली नाही.

तस्बीह तीनवरच थांबवली पाहिजे असं नाही. एकटा पढत असशील तर पाच, सात म्हण. मुस्लिम शरीफ या संग्रहातल्या हदीसीप्रमाणे बंदा आपल्या रबच्या सगळ्यात जवळ असतो तो सजद्यात, म्हणून तिथं दुआ जास्त करावी. सूरह अलकची शेवटची आयतही "वस्जुद वक्तरिब", सजदा कर आणि जवळ ये. मराठीत दुआ मागू का, हा तुझा पुढचा प्रश्न असणार, सगळे विचारतात. हनफी उलमा नमाजेच्या आत अरबीच ठेवायला सांगतात, म्हणून कुरआन-हदीसीतल्या लहान दुआ पाठ कर. मनात मराठी चाललेलीच असते, तिला कोण अडवणार? आणि सलाम फेरून हात उचललेस की मग अगदी निपाणीच्या बोलीत माग. त्याला सगळ्या भाषा कळतात.

माझ्या लहानपणची मशीद कौलारू होती, खाली शहाबादी फरशी. जांबोटीकडचा पाऊस तुला माहीत आहे, आठ-आठ दिवस उघडत नाही. एकदा रमजानात तरावीहच्या, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजेच्या, वेळी कौल सरकलं आणि माझ्या दादांच्या पुढ्यात पाणी गळायला लागलं, मातीसकट. मला वाटलं ते सरकतील. ते तसेच खाली गेले आणि उठले तेव्हा कपाळावर, नाकावर चिखल. घरी येताना मी हसलो. तेव्हा त्यांनी सांगितलं की मदीनेची मशीद खजुराच्या झावळ्यांनी शाकारलेली होती. रमजानात एका रात्री पाऊस गळला आणि एकविसाव्या सकाळी लोकांनी हजरत पैगंबरांच्या (सल्ल.) कपाळावर पाण्याची आणि चिखलाची खूण पाहिली. पुढं मी ती हदीस अबू सईद खुद्री (रजि.) यांच्या नावानं वाचली, पण मला ती दादांच्या ओल्या कपाळासकटच आठवते.

त्यावरून गट्ट्याकडे येतो. सूरह फतहच्या शेवटी आहे की त्यांच्या चेहऱ्यांवर सजद्याच्या खुणा असतात. मुजाहिद यांच्यासारख्या जुन्या मुफस्सिरांनी, म्हणजे कुरआनाच्या भाष्यकारांनी, त्याचा अर्थ नम्रता असा केलाय, चेहऱ्यावर उतरणारी नरमाई. काळा गट्टा हा कातडीचा प्रकार आहे. खरबरीत चटई, कपाळ घासायची सवय, कातडीचा पोत, यावर तो अवलंबून असतो. कुणाला दोन वर्षांत पडतो, कुणाला जन्मभर नाही. माझ्या दादांना नव्हता. मित्राला पडला असेल तर त्याच्याबद्दल चांगलंच समज, आणि तुझ्या कपाळावर पडावा म्हणून चटईवर घासू नकोस. एका पोरानं तसं केलं होतं, जखम झाली आणि आठ दिवस त्याला नीट टेकताच येईना.

राहिलं एक काम, आणि ते तुझ्याकडे. अब्बांना पुढच्या तपासणीला नेशील तेव्हा डॉक्टरांना तीन गोष्टी विचार, कन्नडमध्ये विचारल्या तर जास्त मोकळं बोलतील. जाड गादीवर गुडघा टेकवून त्यावर वजन दिलेलं चालेल का? टाचांवर न बसता, नुसतं आधार धरून कपाळ जमिनीपर्यंत न्यायला आणि परत उठायला परवानगी आहे का? आणि नसेल तर मनाई काही महिन्यांची आहे की कायमची? या उत्तरांवर पुढचं ठरतं. डॉक्टर म्हणाले की चालेल, आणि अब्बांना ते झेपलं, तर मग इशारा सोडून जमिनीवरचा सजदा करावा लागेल, टाचांवर बसण्याऐवजी पाय पसरून बसले तरी चालेल. डॉक्टर नाही म्हणाले तर खुर्चीच, आणि त्याबद्दल मनात कुठलीही खुटखुट ठेवायची नाही. काय म्हणाले ते मला कळव. तोवर आज इशाला, रात्रीच्या नमाजेला, अब्बांना बरोबर घेऊन जा. खुर्ची तू उचल, शेवटच्या सफच्या टोकाला ठेव, आणि तू त्यांच्या लगतच उभा राहा.